आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा
रमजानच्या रात्री कॅमेरा घेऊन मुंबईला निघालेल्यांसाठी

रमजान लागला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. मिनारा मशिदीची रोषणाई, मालपुव्याची कढई, मातीच्या वाटीतली फिरनी, निहारीच्या देगेतून निघणारी वाफ. तरावीहची नमाज संपल्यापासून सहेरीपर्यंत हा भाग जागा असतो. खायला येणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात, आणि आता कॅमेरा गळ्यात घालून येणारेही बरेच दिसतात. त्यांत दुसरबीड, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार या आपल्या भागातली मुलेही असतात.

जाण्याची कारणे दोन. रमजानात मुस्लिम घरांत लग्ने सहसा निघत नाहीत, त्यामुळे लग्नाचे फोटो काढणाऱ्याला जरा उसंत मिळते. मग कोणी फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरा दुरुस्तीला टाकायला जातो, कोणी जुनी लेन्स देऊन दुसरी घ्यायला जातो. बोरा बाजार ते मिनारा मशीद म्हणजे क्रॉफर्ड मार्केटवरून पायी वीस-पंचवीस मिनिटे. एवढ्या जवळ आल्यावर रात्रीचे चार फोटो काढल्याशिवाय कोण परतेल?

पण गावाकडच्या फोटोवाल्यासाठी कॅमेरा ही हौसेची वस्तू नाही. शेतकऱ्याची बैलजोडी तशी ही त्याची रोजीरोटी. बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश असे धरले तर सामान लाखाच्या पुढे सहज जाते आणि अनेकांचे हप्ते अजून चालू असतात. ती बॅग गेली तर पुढच्या लग्नसराईचे बयाणे परत करावे लागतात. म्हणून शहरात कॅमेरा कसा न्यावा, कसा झाकावा आणि कसा वापरावा, हे नीट बोलून घेतले पाहिजे.

भरवसा म्हणजे बेफिकिरी नव्हे

आपल्याकडे एक वाक्य सारखे कानावर पडते : “अल्लाह मालिक आहे, काही होत नाही.” हेच वाक्य दुसऱ्या घरात “देवाची कृपा आहे” असे येते. इमाम तिरमिजी यांच्या हदीससंग्रहात यावर एक छोटा प्रसंग आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून ठेवू? त्यांनी सांगितले ते असे, की आधी त्याला बांधावे आणि मग भरवसा ठेवावा. तवक्कुल, म्हणजे ईश्वरावरचा विश्वास, माणसाला त्याच्या कामातून सुटी देत नाही.

दुसरा शब्द अमानत. मराठी माणसाला तो परका नाही. निवडणुकीत जप्त होते ती ‘अनामत’ रक्कम, ती याच अरबी शब्दावरून आली. मोठ्या रेल्वे स्थानकावर ‘अमानती सामान घर’ अशी पाटी असते, तीही हीच. दुसऱ्याचे आपल्याकडे विश्वासाने ठेवलेले ते अमानत. सन 622 मध्ये प्रेषितांना मक्का सोडावी लागली. जिवावरचे संकट होते. तरी मक्केतल्या लोकांनी त्यांच्याकडे ठेवायला दिलेल्या वस्तू परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले.

फोटोवाल्याने हे ध्यानात घ्यावे. कॅमेरा आपला असतो, पण कार्डातले फोटो आपले एकट्याचे नसतात. कोणाचे लग्न, कोणाच्या आजीचा शेवटचा फोटो, कोणाचा बारशाचा दिवस त्यात असतो. कॅमेरा पुन्हा घेता येतो. लग्न पुन्हा लागत नाही.

निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट, सामान कमी न्या. रात्रीच्या गर्दीत एक बॉडी आणि एक लहान लेन्स पुरते. 35 किंवा 50 मिलिमीटरची, कमी उजेडात चालणारी असली तर उत्तमच. मोठी पांढरी झूम लेन्स दुरूनही ओळखू येते, ती घरी ठेवा. ट्रायपॉड गर्दीत लोकांच्या पायात येतो. ड्रोन तर नकोच. मुंबईत त्यावर कडक निर्बंध आहेत आणि परवानगीशिवाय उडवला तर गुन्हा दाखल होतो.

दुसरी गोष्ट बॅग. कंपनीचे नाव छापलेली कॅमेऱ्याची बॅग म्हणजे आत काय आहे याची जाहिरात. त्यापेक्षा पोराची जुनी शाळेची सॅक बरी. आत फोमचा कप्पा बसवून घ्यावा. असे तयार कप्पे मिळतात, नाहीतर गादीवाल्याकडून फोम आणून घरीही शिवता येतो. वर एक पंचा किंवा ओढणी टाकावी. चेनच्या दोन्ही टोकांना छोटे कुलूप किंवा निदान किल्लीची कडी अडकवावी, म्हणजे मागून कोणी चेन ओढली तर लगेच उघडत नाही. कॅनन, निकॉन, सोनी अशी मोठी अक्षरे असलेला गळ्यातला पट्टा काढून साधा काळा पट्टा लावावा.

यात कमीपणा काही नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार जगातल्या मोठ्यांपैकी एक. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या होण्याच्या काही वेळ आधी तो त्यांना भेटला होता. हा माणूस आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी पट्टी चिकटवून हिंडत असे, कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून. आपल्याकडच्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत सायकलवर फिरत. साधेपणाने कोणाचे काम अडले नाही.

तिसरी गोष्ट कागद. कॅमेऱ्याचे बिल, बॉडी आणि लेन्स यांचे अनुक्रमांक, आणि सामानाचा एक फोटो स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका, कारण चोर मोबाइलही नेतो. विमा असेल तर अटी वाचा. लक्ष नसलेल्या वाहनातून चोरी झाल्यास भरपाई नाही, अशी अट अनेक पॉलिसींत असते.

आणि एक सोपी युक्ती. कार्ड नवे लावले की पहिला फोटो एका कागदाचा काढा. त्यावर आपले नाव, फोन नंबर आणि ‘सापडल्यास कृपया कळवा’ एवढे लिहिलेले असावे. हरवलेला कॅमेरा सगळेच काही चोरांच्या हाती पडत नाहीत. परत करू इच्छिणाऱ्या भल्या माणसाला पत्ता तर सापडला पाहिजे.

प्रवासात

दुसरबीडहून निघणारा जुन्या नागपूर-मुंबई रस्त्याने एसटी किंवा ट्रॅव्हल्स धरतो, नाहीतर जालन्याला जाऊन रेल्वे. ट्रॅव्हल्समध्ये क्लिनर “बॅग डिक्कीत टाका” म्हणतो. कपड्यांची खुशाल टाका, कॅमेऱ्याची नको. रात्री गाडी ढाब्यावर थांबते तेव्हा सगळे उतरतात, चोरीला संधी मिळते ती याच वेळी. चहाला जाताना बॅग बरोबर घ्या.

रेल्वेत बॅग बर्थखालच्या कडीला साखळी-कुलपाने अडकवता येते, पण कॅमेऱ्याची बॅग डोक्याखाली बरी. पट्टा हाताला गुंडाळून झोपावे. सहेरीसाठी उठणारा पहाटे डबा उघडून बसतो, हात धुवायला जातो, नमाजची तयारी करतो. तेवढा वेळ सोबत्याला किंवा समोरच्या कुटुंबाला सांगून जा. आपल्याकडे रेल्वेत “जरा सामान पाहा हं” असे म्हणायची पद्धत आहे, आणि बहुतेक लोक ती राखतात. पण सांगायचे ते कुटुंबाला, आत्ताच येऊन टेकलेल्या एकट्या माणसाला नाही.

मुंबईत उतरल्यावर कपड्यांचे सामान छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या अमानती सामान घरात कुलूप लावून ठेवता येते. तिकीट जवळ ठेवा. कॅमेरा मात्र तिथे ठेवू नका, तो आपल्याच अंगावर हवा.

लोकल गाडीत सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाच ते नऊ कॅमेरा घेऊन चढू नये. चढलात तर मुंबईकर करतात तसे करा, सॅक पाठीवरून काढून पोटावर घ्या. दारात उभे राहून फोटो काढण्याचा मोह टाळा. रुळांच्या कडेला उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारणारे असतात. त्यांना पोलीस आणि वर्तमानपत्रे ‘फटका गँग’ म्हणतात. हातातली वस्तू खाली पडते आणि ती धरायच्या नादात माणूसही गाडीखाली जाऊ शकतो. शिवाय रेल्वे स्थानकात व्यावसायिक चित्रणाला परवानगी लागते, मोठा कॅमेरा दिसला की जवान हटकतो. तो त्याचे काम करत असतो, वाद घालू नये.

गर्दीत

मोठ्या शहरातल्या गर्दीची तालीम आपल्या जिल्ह्यातच होते. सैलानी बाबांच्या यात्रेत नारळांची होळी पेटते तेव्हा हिंदू-मुसलमान मिळून लाखोंचा समुदाय तिथे असतो. 12 जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेड राजात पाय ठेवायला जागा नसते. तिथे ज्याने कॅमेरा सांभाळला त्याला मोहम्मद अली रोड अवघड नाही. नियम तेच आहेत.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात सरळ लोंबकळत ठेवण्यापेक्षा एका खांद्यावरून तिरपा घ्या. फोटो काढून झाला की कॅमेरा सदऱ्याच्या किंवा जॅकेटच्या आत जाऊ द्या. लेन्स बदलायची असेल तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर, पाठ भिंतीला लावून बदला. खायला बसलात तर बॅग शेजारच्या खुर्चीवर नको, पट्टा पायात अडकवून दोन पायांमध्ये ठेवा.

काही युक्त्या जुन्या आहेत, पण अजून चालतात. “तुमच्या पाठीवर घाण पडली”, “तुमचे पैसे पडले”, असे कोणी सांगितले की माणूस बॅग खाली ठेवून वाकतो. तेवढ्यात दुसरा बॅग उचलतो. अशा वेळी आधी बॅग छातीशी धरा, मग हवे तर मागे पाहा.

रोजेदाराने आणखी एक सांभाळावे. दिवसभर पाणी नाही, आदल्या रात्री झोप अर्धी, वर बोरा बाजारातली पायपीट. अस्रच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतचा तास-दीड तास लक्ष सगळ्यात कमी असते. या वेळात देवघेव, मोठे पैसे, सामानाची उघडझाक टाळावी. कुठेतरी शांत बसावे. इफ्तार करून, पाणी पिऊन, मग कॅमेरा काढावा.

नमाजच्या वेळी बॅगेचे काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. चपलांच्या रॅकजवळ बॅग ठेवू नये. सजद्याच्या जागेच्या किंचित पुढे, डोळ्यांसमोर ठेवावी. दोघे असाल तर आळीपाळीने नमाज पढा. युद्धात शत्रू समोर असताना एका गटाने नमाज पढावी आणि दुसऱ्याने पहारा द्यावा, अशी रीत कुरआनमध्येच सांगितली आहे. जिवावर बेतले असतानाही नमाज आणि पहारा दोन्ही सांभाळायला सांगणारा धर्म सामान वाऱ्यावर सोडा असे म्हणणार नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. फोटोवाल्याला गर्दीपेक्षा सुनी जागा जास्त धोक्याची असते. 22 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईत महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलमध्ये कामावर गेलेल्या एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. सोबत सहकारी होता. आत फोटो काढायला परवानगी मिळवून देतो, असा बहाणा गुन्हेगारांनी केला होता. दोष त्या मुलीचा तसूभरही नव्हता. आज आपल्या भागातल्या मुलीही कॅमेरा शिकत आहेत, हे चांगले आहे. त्यांनी आणि मुलांनीही पडक्या इमारती, सुने धक्के, रात्रीचे रेल्वे यार्ड इथे अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून जाऊ नये. आणि कोणी चाकू दाखवून कॅमेरा मागितला तर देऊन टाकावा. हप्ते फेडता येतात.

बॅग झाकावी, हेतू झाकू नये

इथवर कॅमेरा लपवण्याचे सांगितले. आता उलट बाजू. चोरापासून कॅमेरा लपवावा, पण ज्याचा फोटो काढायचा त्याच्यापासून लपवू नये.

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स याने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा दडवून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले. बटणांच्या फटीतून लेन्स डोकावत असे. चेहरे विलक्षण उतरले, पण पुस्तकरूपाने ते छापले 1966 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. कला म्हणून ते काम मोठेच आहे. तरी बिनसांगता कोणाचा चेहरा घ्यावा का, हा प्रश्न उरतोच. आज तर पंचवीस वर्षे कोणी थांबत नाही, फोटो पंचवीस सेकंदांत गावभर होतो.

कुरआनमध्ये सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींची टेहळणी करण्यास, ज्याला तजस्सुस म्हणतात, मनाई आहे. रमजानच्या बाजारात याचा अर्थ साधा आहे. खरेदीला आलेल्या बायकांचे चोरून फोटो काढू नयेत. मालपुवा तळणारा कारागीर असो की इफ्तारच्या पंगतीतले आजोबा, कॅमेरा दाखवून डोळ्यांनी विचारावे. मान हलली तर काढावा, हात आडवा आला तर “माफ करा चाचा” म्हणून पुढे जावे. बहुतेक लोक हो म्हणतात, काही तर दाढी नीट करून बसतात.

मशिदीत फोटो काढण्याआधी व्यवस्थापनाला विचारावे. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये, फ्लॅश मारू नये. मंदिरातल्या आरतीला आणि विहारातल्या वंदनेलाही हीच शिस्त लागते.

सगळ्यात जपायचे ते जकात आणि शिधा वाटपाचे फोटो. दान या हाताचे त्या हाताला कळू नये, हे आपल्याकडे सगळ्या धर्मांनी सांगितले आहे. घेणाऱ्याचा चेहरा मात्र मोबाइलवर सगळ्या तालुक्याला कळतो. रांगेतल्या विधवेला उद्या तिच्याच गल्लीत मान वर करून चालायचे असते. पिशव्यांचा फोटो काढा, वाटणाऱ्या हातांचा काढा. घेणाऱ्याचा चेहरा झाकलेलाच असू द्या.

परत आल्यावर

रात्री लॉजवर किंवा नातेवाइकाकडे पोहोचल्यावर झोपण्याआधी कार्ड दोन ठिकाणी उतरवून घ्या. भरलेले कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, आतल्या खिशात ठेवा. बॅग गेली तरी अमानत वाचते.

चोरी झालीच तर लाजून गप्प बसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. हिसकावून नेण्याला भारतीय न्याय संहितेत आता स्वतंत्र कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेत चोरी झाली तर तक्रारीचा फॉर्म टीसी किंवा गस्तीवरच्या पोलिसांकडे मिळतो, पुढचे स्थानक येईपर्यंत थांबायला नको.

शेवटचा मुद्दा खरेदीचा. चोरीचा कॅमेरा कोणीतरी विकत घेतो म्हणून तो चोरला जातो. जुना कॅमेरा घेताना बिल मागा, अनुक्रमांक जुळवा. “बिल नाही, म्हणून स्वस्त” असे कोणी म्हणाला तर हात मागे घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी दुसऱ्याच्या रोजीरोटीवर स्वस्तात हात मारायचा, तर त्या रोजाला काय अर्थ राहिला?

ईदच्या सकाळी तुमच्या गावातही ईदगाहवर फोटो काढाल. मुंबईत ज्यांचे फोटो काढलेत त्यांतल्या कोणी नंबर दिला असेल, तर त्या दिवशी त्यांचा फोटो त्यांना ईद मुबारकसह पाठवून द्या. ज्याची त्याला पोहोचली म्हणजे अमानत फिटली.

थोडक्यात
• एक बॉडी, एक लेन्स, साधी सॅक, साधा पट्टा.
• बिल आणि अनुक्रमांक ई-मेलवर. कार्डात पहिला फोटो आपल्या फोन नंबरचा.
• ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत कॅमेरा नाही. लोकलमध्ये सॅक पोटावर, दारात कॅमेरा नाही.
• इफ्तारआधीच्या तासात देवघेव नाही. नमाज आळीपाळीने.
• भरलेले कार्ड आतल्या खिशात, रात्री दोन प्रती.
• सुन्या जागी एकट्याने नाही. जीव आधी, कॅमेरा नंतर.
• मदतीसाठी पोलीस 112, रेल्वे 139.